वाघ, शेळी, गवत आणि आठ किलोबाइट

१९९४ च्या मे महिन्यात मामा मस्कतहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत दादासाठी गेमबॉय होता. सोबत दोन कॅसेटी, एक टेट्रिसची आणि एक झेल्डाची. चिपळूणच्या आमच्या घराच्या ओटीवर त्या राखाडी ठोकळ्याभोवती वाडीतली सगळी मुलं सुट्टीभर गोळा व्हायची. मग जून आला, पाऊस लागला आणि त्याचं काहीतरी बिनसलं. बटण सरकवलं की पडद्याच्या वरून ‘निन्टेन्डो’ अशी पाटी हळूहळू खाली येते. ती विस्कटून येऊ लागली. कधी अक्षरांच्या जागी आडव्या-उभ्या रेघा, कधी नुसता काळा पट्टा. पट्टा मध्यावर येऊन थांबायचा आणि पुढे काहीच व्हायचं नाही.

दादा कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचा. जगभरची मुलं तेच करत होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. आईने वेगळा उपाय काढला. कॅसेट फडक्यात गुंडाळून ती चुलीवरच्या फळीवर ठेवू लागली, आमसुलांच्या बरणीशेजारी. दोन दिवसांनी पाटी स्वच्छ यायची. आईचा उपाय बरोबर का होता आणि दादाचा चूक का, हे मला कळायला पुढे सत्तावीस वर्षं गेली.

गेमबॉयच्या आत २५६ बाइटचा एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो. यंत्र सुरू झालं की सर्वांत आधी तो चालतो. तो कॅसेटमधून ठरावीक जागचे ४८ बाइट उचलतो. या ४८ बाइटांत त्या पाटीचं चित्र असतं. ते चित्र तो पडद्यावर सरकवतो आणि मग आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. एका बिटाचा फरक निघाला, तरी यंत्र तिथेच थांबतं. म्हणजे पाटी यंत्राची नव्हतीच, ती कॅसेटमधून येत होती. कोकणातल्या दमट हवेने कॅसेटच्या पिनांवर थर चढला होता, म्हणून बाइट चुकीचे वाचले जात होते. संपर्क मुळीच झाला नाही, की सगळे बिट ‘एक’ वाचले जातात आणि पट्टा पूर्ण काळा दिसतो. चुलीची ऊब ओल घालवत होती. दादाची फुंकर तोंडातली वाफ पिनांवर घालून थर वाढवत होती.

हे सगळं मी शोधायला लागले ते २२ जुलै २०२१ नंतर. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. खालच्या मजल्यावरचे फोटोंचे अल्बम, माझ्या वह्या, बाबांची कागदपत्रं, सगळ्याचा लगदा झाला. पोटमाळ्यावर पाणी पोचलं नाही. चिखल उपसून झाल्यावर पोटमाळा रिकामा करताना बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात गेमबॉय मिळाला. दादाने जपून ठेवताना सेल काढून ठेवले होते, त्यामुळे आत गळती नव्हती. पिना आधी खोडरबराने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. पडद्यावरच्या काही उभ्या रेघा गेल्या होत्या. पडद्याखालच्या पट्टीवरून गरम सोल्डरिंग आयर्न हलक्या हाताने फिरवल्यावर त्या एकेक करून परत आल्या. चार पेन्सिल सेल घातले आणि बटण सरकवलं. पाटी खाली आली, स्वच्छ.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मायक्रोप्रोसेसर हा माझा विषय. त्यामुळे डबा हाती आला तेव्हा आठवणींच्या जोडीला एक प्रश्नही उभा राहिला: याच्या आत नेमकं आहे काय?

आत फार थोडं आहे आणि तीच त्याची थोरवी आहे. गेमबॉय १९८९ साली जपानमध्ये बाजारात आला. तो घडवणाऱ्यांत गुनपेई योकोई हे प्रमुख. निन्टेन्डो हानाफुदा पत्ते छापत असे, त्या काळात ते तिथे यंत्रांच्या देखभालीसाठी लागले होते. नव्या, महागड्या तंत्रामागे धावू नये, जुनं झालेलं, स्वस्त आणि पुरतं कळलेलं तंत्र वेगळ्या कामाला लावावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यात मुरलेल्या लोणच्याचा विचार दिसतो. म्हणून गेमबॉयला रंग नाहीत, हिरवट करड्या चार छटा आहेत. पडद्यामागे दिवा नाही. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. त्याच सुमारास आलेले अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर रंगीत आणि उजळ पडद्याचे होते, पण ते सहा-सहा सेल काही तासांत संपवायचे. गेमबॉय चार सेलवर कितीतरी जास्त टिकायचा. त्याचा रंगीत धाकटा भाऊ धरून हे यंत्र जगात जवळपास बारा कोटी विकलं गेलं.

आणि कामाची स्मृती किती? आठ किलोबाइट, शिवाय चित्रांसाठी वेगळी आठ. तुम्ही वाचताय त्या लेखाचा मजकूर संगणकात साठवला, तर तो सगळा त्या आठ किलोबाइटमध्ये मावणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत ८०८५ या प्रोसेसरची शिकवायची किट आहेत. महाराष्ट्रात डिप्लोमा केलेल्या कितीतरी जणांनी ती हाताळली असतील: हिरवी पाटी, लाल आकडे, बारीक बटणं. मुलं एकेक संकेत हाताने भरतात. थ्री-ई, झीरो-फाइव्ह म्हणजे ए रजिस्टरमध्ये पाच ठेव. झीरो-सिक्स, झीरो-थ्री म्हणजे बी मध्ये तीन ठेव. एट-झीरो म्हणजे बेरीज कर. उत्तर आठ. मुलं हे घोकतात आणि विचारतात, “मॅडम, हा प्रोसेसर आता वापरतं कोण?” दर वर्षी हा प्रश्न येतो आणि दर वर्षी माझ्याकडे उत्तर नसायचं.

गेमबॉयच्या प्रोसेसरची संकेतसूची पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. शार्प कंपनीची ती चिप इंटेल ८०८० च्या घराण्यातली निघाली, आमच्या ८०८५ ची सख्खी भावकी. थ्री-ई म्हणजे ए मध्ये भर. झीरो-सिक्स म्हणजे बी मध्ये भर. एट-झीरो म्हणजे बेरीज. सी-थ्री म्हणजे उडी, सेव्हन-सिक्स म्हणजे थांब. काहीही न करणाऱ्या डबल-झीरोला दोघांनाही चारच ठोके लागतात. सगळंच जुळत नाही. थ्री-टू हा संकेत ८०८५ मध्ये एक काम करतो आणि गेमबॉयमध्ये दुसरंच. पण आमच्या मुलांनी किटवर लिहिलेला बेरजेचा प्रोग्रॅम गेमबॉयला जसाच्या तसा कळतो. ज्या वर्गात “वापरतं कोण” विचारलं जात होतं, त्याच वर्गात मी त्या संध्याकाळी लॅपटॉपवर एम्युलेटर उघडून टेट्रिसच्या पोटात चाललेल्या बेरजा दाखवल्या. कोणी घरी जाईना.

आता एम्युलेटर म्हणजे काय ते सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. गावोगाव फिरणारा बहुरूपी आठवा. तो फौजदाराचं सोंग घेऊन दारात उभा राहतो आणि क्षणभर घरधनी खरोखर दचकतो. एम्युलेटर हा असाच प्रोग्रॅम. तो लॅपटॉपवर किंवा फोनवर चालतो आणि गेमबॉयचं सोंग घेतो. दचकायचं असतं ते खेळाने. आपण खऱ्या गेमबॉयमध्ये आहोत असं खेळाला वाटलं पाहिजे. खेळ म्हणतो, “ए मध्ये पाच ठेव”. एम्युलेटर आपल्या एका चलात पाच ठेवतो. खेळ म्हणतो, “अमुक पत्त्यावरचा बाइट दे”; एम्युलेटर आपल्या यादीतून तो काढून देतो. गेमबॉयला असे सुमारे पाचशे संकेत कळतात. प्रत्येकाचं सोंग लिहायचं.

तेवढ्याने काम भागत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. एम्युलेटरला सर्वांत जड जातं ते वेळेचं सोंग. गेमबॉयचा पडदा एका सेकंदात जवळपास साठदा रंगतो, वरून खाली, ओळीमागून ओळ. एका चित्राला प्रोसेसरच्या घड्याळाचे बरोबर ७०,२२४ ठोके लागतात. हुशार खेळ-लेखक याचा फायदा घेत. वरच्या ओळी रंगून होताच, खालच्या रंगायच्या आत, चित्र सरकवायचा आकडा बदलायचा. मग वरचा गुणफलक जागेवर राहतो आणि खालचा रस्ता पळतो. एम्युलेटरच्या हातून हा बदल थोडा आधी किंवा नंतर झाला, की पडदा फाटल्यासारखा दिसतो. म्हणून चांगला एम्युलेटर लिहिणं म्हणजे त्या यंत्राचं अत्यंत बारकाईने केलेलं वाचन आहे. हे काम करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या २५६ बाइटच्या प्रोग्रॅमचंच पाहा. तो एकदा काम झालं की स्वतःला दडवतो, बाहेरून वाचता येत नाही. २००३ मध्ये एका हौशी अभ्यासकाने चिपचं कवच काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि एकूण २,०४८ बिट डोळ्यांनी वाचून काढले. हस्तलिखित वाचणाऱ्या संशोधकाच्या कामाहून मला हे काम वेगळं वाटत नाही.

मीही एक एम्युलेटर लिहिला, दोन उन्हाळी सुट्ट्या खर्चून. त्यात एका जागी अडकले ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दशमान बेरजेसाठी ‘डीएए’ नावाचा एक संकेत असतो. यंत्र सोळाच्या पाढ्यात मोजतं, माणसाला दहाच्या पाढ्यात आकडे हवे असतात. खेळातले गुण आणि वेळ दाखवताना हा संकेत दुरुस्ती करतो. ३८ आणि ४५ यांची बेरीज यंत्र ‘७डी’ अशी करतं, डीएए ती ८३ करून देतो. पंधरा वर्षं मी हे शिकवते आहे, त्यामुळे तो भाग डोळे मिटून लिहिला. मग उलटी मोजणी करणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. ९९, ९८, ९७, असं करत तो ९० पर्यंत आला आणि पुढे ८९ च्या जागी ९५ दिसले. पुन्हा ९४, ९३, ९० पर्यंत, आणि परत ९५. घड्याळ त्या सहा आकड्यांत कोंडलं गेलं.

चार दिवस चूक सापडेना. शेवटी संकेतांचं मूळ वर्णन अक्षर न् अक्षर वाचलं. ८०८५ चा डीएए फक्त बेरजेनंतर चालतो. गेमबॉयमध्ये आधीची क्रिया बेरीज होती की वजाबाकी, याची नोंद ठेवणारा एक झेंडा असतो आणि वजाबाकीनंतर डीएए सहा मिळवण्याऐवजी सहा वजा करतो. भावकी खरी, पण स्वभाव वेगळा. आता वर्गात ८०८५ चा डीएए शिकवताना मी ती कोंडलेली मोजणी मुद्दाम दाखवते. पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारी मर्यादा मुलांना त्यातून डोळ्यांनी दिसते.

जुन्या यंत्रांसाठी आज हौसेने लिहिलेल्या नव्या खेळांना ‘होमब्रू’ म्हणतात, घरी केलेलं, आगळासारखं किंवा कुरडयांसारखं. कंपनीचा परवाना नाही, कारखाना नाही, बहुतेकदा पैसाही नाही. ही हौस मोठ्या योग्यतेची आहे. जोहान कोटलिन्स्की या स्वीडिश प्रोग्रॅमरने शतकाच्या वळणावर ‘लिटल साउंड डीजे’ लिहिलं, त्यामुळे गेमबॉयच्या चार ध्वनिवाहिन्या म्हणजे एक वाद्यच झालं. आजही लोक रंगमंचावर गेमबॉय हातात धरून त्यावर संगीत वाजवतात. ‘टोबू टोबू गर्ल’ हा २०१७ चा खेळ त्याच्या लेखकांनी मूळ प्रोग्रॅमसकट सगळ्यांना खुला केला. मी माझ्या मुलांना तो वाचायला देते. ‘इन्फिनिटी’ची गोष्ट तर हुरहुर लावणारी आहे. १९९९ मध्ये काही तरुणांनी रंगीत गेमबॉयसाठी हा मोठा खेळ लिहायला घेतला. पुढे नवं यंत्र आलं, जुन्यासाठी प्रकाशक मिळेना, २००१ च्या सुमाराला काम थांबलं. वीस वर्षांनी लोकवर्गणीतून तो पुन्हा हाती घेतला गेला.

२०१९ मध्ये क्रिस मॉल्टबी यांनी ‘जीबी स्टुडिओ’ हे साधन मोफत दिलं. त्यात चित्रं आणि प्रसंग माउसने मांडून, एकही संकेत न लिहिता, खऱ्या गेमबॉयवर चालणारा खेळ होतो. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी त्यात गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याचा खेळ केला. मी मात्र असेंब्लीच निवडली. ज्या यंत्राचा प्रत्येक बाइट एका माणसाच्या डोक्यात मावू शकतो असं यंत्र आता हातात येत नाही. खिशातल्या फोनबद्दल जगातला कोणताही एक माणूस हे म्हणू शकणार नाही. ते सुख मला सोडायचं नव्हतं.

विषय सोपा निवडला: वाघ, शेळी आणि गवताचा भारा. नावाड्याला तिघांना पैलतीरी न्यायचं आहे. होडीत त्याच्यासोबत एकच मावतं. नजरेआड वाघ शेळीला खातो, शेळी गवत खाते. या कोड्याची गंमत अशी, की अख्खा खेळ चार बिटांत मावतो. नावाडी, वाघ, शेळी, गवत. प्रत्येकाला एक बिट. शून्य म्हणजे अलीकडे, एक म्हणजे पलीकडे. चार बिटांच्या सोळा अवस्था होतात. त्यांतल्या सहा अवस्थांत कोणीतरी कोणाला खातं, उरलेल्या दहा सुरक्षित. सुरुवात चार शून्यांची, शेवट चार एकांचा आणि कमीत कमी सात फेऱ्या. स्मृतीचा एक बाइटसुद्धा पुरता लागला नाही.

मग राहिलेल्या जागेचं काय करायचं? मी ती मराठीला दिली.

गेमबॉय अक्षरं ओळखत नाही. त्याला फक्त आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशा कळतात. पडद्यावर अशा वीस फरशा आडव्या आणि अठरा उभ्या बसतात. रोमन अक्षर एका फरशीत आरामात बसतं. आपल्याला वर वेलांटी आणि मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, असे तीन मजले लागतात. म्हणून मी एका अक्षराला दोन फरशांची उंची दिली, सोळा ठिपके. मराठीच्या नऊ ओळी मिळाल्या. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने अक्षरं भरत बसले. शिरोरेषेने फार साथ दिली. शेजारच्या दोन फरशांत ती एकाच उंचीवर ठेवली की अक्षरं आपोआप जोडली जातात, शब्द सलग दिसतो. पण ‘व’ आणि ‘ब’ यांनी छळलं. चार ठिपके रुंदीच्या वाटोळ्यात तिरकी रेघ घालायला जागा दोन ठिपक्यांची. रेघ काळी केली की वाटोळं भरून ‘ब’चा डाग व्हायचा. अखेर चार छटांतली मधली करडी छटा त्या रेघेला दिली आणि ‘ब’ एकदम ‘ब’ दिसू लागला. ‘प’ आणि ‘ष’ची तीच तऱ्हा. ‘ळ’ला मी पूर्ण फरशीभर रुंदी दिली, कारण तो आखडला की ओळखूच येत नाही. आणि ‘अ’ दीड फरशी मागतो, त्याला दोन दिल्या.

ऱ्हस्व वेलांटी आणखी निराळी. ती उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना आधी. संगणक तो क्रम उलटवण्याचं काम आतल्या आत करतात. माझ्या छोट्या यंत्रावर ते ओझं नको म्हणून मी शब्द दिसतात तसेच, डावीकडून उजवीकडे साठवले. ‘विठ्ठल’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ‘व’. आपण पाटीवर गिरवायला शिकलो, त्याच क्रमाने. ‘शेळीने गवत खाल्लं’ हे पहिलं वाक्य त्या हिरवट पडद्यावर उमटलं, तेव्हा मी ते बराच वेळ बघत राहिले. मराठी तिथे जितकी सुबक दिसेल अशी माझी कल्पना होती, त्याहून ती सुबक दिसली.

तयार खेळ एम्युलेटरवर चालवणं सोपं आहे. खऱ्या यंत्रावर चालवायला पुन्हा लिहिता येणारी कॅसेट लागते आणि तिच्यात ती ४८ बाइटची पाटी असावीच लागते. यात एक कायद्याची खुंटी आहे. पाटी हा कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क. परवाना नसलेल्याने खेळ काढला, तर चालण्यासाठी त्याला कंपनीचं नाव छापावंच लागतं आणि छापलं की तो खटल्यात सापडू शकतो. सेगाच्या अशाच कुलपावरून अमेरिकेत अकोलेड या कंपनीविरुद्ध खटला झाला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने कौल दिला तो अकोलेडच्या बाजूने: यंत्राशी जुळवून घ्यायला दुसरा मार्गच नसेल, तर ते नाव उमटण्याचा दोष कुलूप घालणाऱ्याकडे जातो. पुढच्या यंत्रांची कुलपं अधिक पक्की होत गेली आणि लोक त्यांतूनही वाट काढत राहिले. २०१४ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएसचं दार ‘क्युबिक निन्जा’ नावाच्या एका दुर्लक्षित खेळातून उघडलं. त्यात स्वतः केलेले टप्पे क्यूआर कोडने मित्राला देता येत असत. तो कोड वाचण्यात एक चूक राहिली होती, तेवढी पुरली.

मुलं विचारतात, “मॅडम, एम्युलेटर म्हणजे चोरी ना?” हा प्रश्न मी कधी झटकत नाही. एम्युलेटर ही चोरी नाही. सोनीने कनेक्टिक्सवर केलेल्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली, यंत्राचा अभ्यास करून त्याचं सोंग लिहिणं योग्य वापरात बसतं, असं ठरवलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये, प्रोग्रॅम कायदेशीररीत्या जवळ असणाऱ्याला तो कसा चालतो याचा अभ्यास करायची आणि नासू नये म्हणून प्रत ठेवायची मुभा आहे. पण दुसऱ्याने लिहिलेला खेळ फुकट उतरवून घेणं आणि वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. हजारो खेळ भरलेलं मेमरी कार्ड घालून स्वस्तात विकली जाणारी हातातली यंत्रं मी वर्गात आणू देत नाही. त्या कार्डावरच्या खेळांच्या लेखकांना कोणी विचारलेलं नसतं. २०२४ मध्ये निन्टेन्डोच्या त्या वेळच्या यंत्राच्या ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांना कंपनीला २४ लाख डॉलर देऊन काम गुंडाळावं लागलं, ते चालू बाजारातल्या यंत्राच्या कुलपावरून.

तरीही मनाला लागणारी एक गोष्ट आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं निघालं, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठेही रीतसर विकत मिळत नाहीत. गेमबॉय घराण्याचे तर सहा टक्केही मिळत नाहीत. निन्टेन्डो आता आपले काही जुने गेमबॉय खेळ वर्गणी भरणाऱ्यांना देते, तेही एम्युलेटरवरच चालतात. पण उरलेल्यांचं काय? पुस्तक छपाईत नसलं तर ग्रंथालयात मिळतं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी बंद पडलेले खेळ अभ्यासकांना दुरून दाखवण्याची परवानगी मागितली होती, ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नाकारली गेली. मला हे चुकीचं वाटतं. पुरात वह्यांचा लगदा झालेला पाहिल्यावर एकाच जागी असलेल्या एकाच प्रतीवर माझा विश्वास उरलेला नाही.

आमची झेल्डाची कॅसेटही अशीच होती. खेळात कुठवर पोचलो हे ती आठ किलोबाइटच्या स्मृतीत ठेवते आणि ती स्मृती जिवंत राहते आतल्या नाण्याएवढ्या सेलवर. सेल गेला की सगळं गेलं. मी मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टच्या सेलमध्ये अडीचच्या आसपास उरले होते. कॅसेट वाचणारं एक छोटं यंत्र युएसबीने लॅपटॉपला जोडलं आणि सेलला हात लावण्यापूर्वी ते आठ किलोबाइट उतरवून घेतले. मग जुना सेल काढला, नवा सोल्डर केला आणि उतरवलेलं परत भरलं. दादाने इंग्रजी अक्षरांत टाकलेलं त्याचं नाव पडद्यावर आलं. त्याला फोन केला. तो म्हणाला, “पुढे नको नेऊस हां. मी दिवाळीत येतोय.” दिवाळीत तो आला आणि तीन रात्री जागून त्याने तो पुरा केला.

माझा खेळ खऱ्या गेमबॉयवर पहिल्यांदा चालवला तो आईच्या घरी. कॅसेट घातली, पाटी खाली आली. ते ४८ बाइट या वेळी मीच भरलेले होते. मग होडी, नदी, आणि मराठी अक्षरं. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. चष्मा पुसून तिने यंत्र खिडकीच्या उजेडाकडे कलवलं. मी बटणं समजावू लागले तर तिने हात केला, थांब म्हणून.

तिने आधी शेळी नेली. रिकामी परत आली. वाघ नेला आणि येताना शेळीला परत आणली. तिथे माझी मुलंसुद्धा अडतात. मग गवत, मग रिकामी फेरी, शेवटी शेळी. सात. पडद्यावर ‘सगळे पोचले’ असं आलं.

“माझी आजी सांगायची हे,” ती म्हणाली. “आता पुढचं दाव गो.”

पुढचं मी लिहिलेलंच नव्हतं. त्या रात्री चौकटीची वही पुन्हा काढली.